दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची मान, खांदे आणि पाठ: सुरुवात कुठून करायची

उजव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला, मणक्यापासून दोन बोटांवर, मला एक गाठ लागायची. सकाळी काही नसायचं. दुपारी तीन वाजले की तिथून एक कळ मानेकडे चढायची आणि संध्याकाळपर्यंत डोकं मागच्या बाजूने जड व्हायचं. अकरा वर्षं मी संगणकावर अनुवादाचं काम करते. त्यातली शेवटची चार वर्षं या दुखण्यात गेली. मसाज झाले, मलमं झाली, खांदे मागे ओढून धरणारा पट्टा झाला, मोठी खुर्ची आणून झाली. सगळ्याने थोडा आराम पडायचा आणि आठवड्याभरात गाठ परत जागेवर.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टने तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जागेवरून न उठता सलग किती वेळ बसता?" मी कसं बसते, हे तिने बरंच नंतर पाहिलं. हा क्रम मला आधी कळला असता तर चार वर्षं वाचली असती. तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे शिकले, केलं आणि टिकलं, तेवढंच इथे आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. टंकताना हात हवेत तोलून धरायला मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू सतत थोडासा आवळलेला राहतो. जोर फार नसतो, पण तो सुटतच नाही. चालताना स्नायू आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो आणि त्यातून रक्त खेळत राहतं. तासन् तास बसताना ही उघडझाप होत नाही. म्हणून काही न उचलता, काही न करता खांदे भरून येतात. बहुतेक वेळा आत काहीही मोडलेलं नसतं, स्नायू थकलेला असतो. मला हे कळल्यावर निम्मी भीती गेली, आणि भीती गेल्यावर मी मान हलवायला लागले.

जवळ ठेवायचं सामान

- दोन टॉवेल आणि गरम पाण्याची पिशवी
- टेनिसचा एक चेंडू
- व्यायामाचा रबरी पट्टा, सुरुवातीला हलक्या ताणाचा
- लॅपटॉपवर काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस (या यादीतली सगळ्यात गरजेची वस्तू)
- पायाखाली आणि स्क्रीनखाली घालायला जाड पुस्तकं किंवा भक्कम खोका
- छोटी वही

नवी खुर्ची या यादीत मुद्दाम घातलेली नाही. आधी आहे ती जुळवून बघा.

१. व्यायामाआधी धोक्याच्या खुणा तपासा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. खालीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा:

- हाताला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा, किंवा जोर कमी झाल्यासारखं वाटणं. हातातून वस्तू निसटणं, पाऊल घासत चालणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं.
- ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा कुशी बदलूनही कमी न होणारी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना.

दोन गोष्टींत तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं ही पहिली. छातीत दाब येऊन ती कळ खांद्यात, हातात किंवा जबड्यात जाणं ही दुसरी. "बसून बसून खांदा दुखतोय" म्हणून ती अंगावर काढू नका. तडक रुग्णालय गाठा.

२. चार दिवस फक्त नोंद ठेवा

वहीत तीन रकाने करा: किती वाजता दुखलं, कुठे दुखलं, त्याआधी सलग किती वेळ आणि काय करत होतात. एवढंच. माझ्या वहीत दुसऱ्याच दिवशी दिसलं की गाठ टंकण्याने दुखतच नव्हती. डावीकडे ठेवलेला छापील मजकूर आणि समोरचा स्क्रीन यांच्यात दिवसभर मान फिरवण्याने दुखत होती. कागद स्क्रीनच्या शेजारी, त्याच उंचीवर उभा केला आणि पहिल्याच आठवड्यात फरक पडला. तुमचं कारण वेगळं असेल. कुणाचा फोन कान आणि खांद्यात धरलेला असतो, कुणाचे दोन स्क्रीन असतात आणि जास्त वापरातला बाजूला असतो. नोंद नसेल तर आपण दुखणाऱ्या जागेला दोष देत बसतो.

३. टेबल-खुर्ची जुळवा, याच क्रमाने

क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची खाली घेतात. मग टेबल उंच पडतं आणि दिवसभर खांदे कानांकडे उचललेले राहतात. आपल्या लक्षातही येत नाही, इतका तो प्रकार बारीक असतो. म्हणून कोपरापासून सुरुवात करा.

*कोपर.* खांदे सैल सोडा, हात अंगालगत ठेवा, कोपर काटकोनात वाकवा. कीबोर्ड त्याच उंचीवर किंवा किंचित खाली यायला हवा. खुर्ची त्या हिशेबाने वर घ्या.

*पाय.* आता पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पुस्तकं किंवा खोका ठेवा. पूर्ण तळवा टेकला पाहिजे. ठेंगण्या माणसांनी ही पायरी कधीच सोडू नये.

*बैठक.* पूर्ण मागे सरकून बसा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. नसेल, म्हणजे खुर्ची खोल असेल, तर पाठीमागे टॉवेलची घडी घाला.

*कंबर.* दुसऱ्या टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खळग्यात, कमरपट्ट्याच्या जरा वर ठेवा. पाठ टेकवायचा भाग अगदी उभा नको, थोडा मागे कललेला हवा. मांड्या आणि पाठ यांच्यातला कोन १०० ते ११० अंशांचा, म्हणजे काटकोनापेक्षा थोडा मोकळा.

*स्क्रीन.* हात लांब केल्यावर बोटं जेमतेम टेकतील इतक्या अंतरावर, आणि वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. अक्षरं वाचायला पुढे झुकावं लागत असेल तर स्क्रीन जवळ ओढू नका, अक्षरं मोठी करा. डोकं पुढे जातं ते बऱ्याचदा डोळ्यांमुळे, मानेमुळे नाही.

*चष्मा.* हा सापळा मला कुणीही सांगितला नव्हता. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांत जवळचं वाचायचा भाग खाली असतो. त्यातून समोरचा स्क्रीन वाचायला हनुवटी वर करून मान मागे मोडावी लागते. असा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, किंवा नेत्रतपासणीच्या वेळी स्क्रीनचं अंतर मोजून सांगा आणि फक्त संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्या.

*माऊस.* कीबोर्डला चिकटून. हात लांबवून माऊस धरला की तो सगळा भार खांद्यावर येतो. आकड्यांची वेगळी कळपट्टी वापरत नसाल तर ती नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, माऊस आपोआप जवळ येतो.

लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले, त्यामुळे एक बरोबर आला की दुसरा चुकतोच. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर लॅपटॉप पुस्तकांवर चढवा आणि बाहेरचा कीबोर्ड जोडा. लॅपटॉप उंच करून त्याच्याच कीबोर्डवर टंकू नका, त्याने खांद्यांचे हाल आणखी होतात.

४. "ताठ बस" हा सल्ला मागे ठेवा

लहानपणापासून आपण हे ऐकत आलो आहोत, म्हणून सोडवत नाही. मी सहा महिने पाठ काठीसारखी धरून बसले आणि मानेबरोबर कंबरही दुखवून घेतली.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेम्सन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसताना तो जास्त असतो, असं त्यांना आढळलं. पुढे जर्मनीत उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत संवेदक बसवून निरनिराळ्या स्थितींत मोजमाप घेतलं. ते १९९९ साली प्रसिद्ध झालं. उभं असताना दाब ०.५० मेगापास्कल. मुद्दाम ताठ बसल्यावर ०.५५. आधाराशिवाय सैल बसल्यावर ०.४६. खुर्चीत मागे रेलून पसरल्यावर ०.२७. आणि बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. माणूस एकच होता, त्यामुळे प्रत्येक आकडा सगळ्यांना लावू नका. पण मागे टेकून बसणं म्हणजे गुन्हा नाही आणि बसून पूर्ण पुढे वाकणं महाग पडतं, हे यातून कळायला पुरेसं आहे.

मग करायचं काय? बदलत राहायचं. वाचताना मागे रेला, टंकताना जवळ या, फोनवर बोलताना उभे राहा. दर ३० मिनिटांनी एकदा उठा, मिनिटभर का होईना. मी दर अर्ध्या तासाला गजर लावते आणि तो फोन हाताच्या टप्प्याबाहेर ठेवते. बंद करायला उठावंच लागतं. पाण्याचा ग्लास छोटा ठेवणं हाही चांगला उपाय आहे. उठल्यावर खिडकीतून लांब बघा. साधारण सहा मीटरपलीकडच्या वस्तूवर वीस सेकंद नजर ठेवली की डोळे सैलावतात.

उंची बदलणारं उभं टेबल घेतलंत तर दिवसभर उभे राहू नका. सलग उभं राहून पोटऱ्या आणि कंबर धरते. अर्धा तास बसून, दहा-पंधरा मिनिटं उभं, असं आलटून-पालटून करा.

खांदे ओढून धरणाऱ्या पट्ट्याबद्दलही सांगते. तो बांधलेला असेपर्यंत खांदे मागे राहतात, कारण काम पट्टा करतो. आठवण करून द्यायला दिवसात थोडा वेळ बांधला तर ठीक. त्याने स्नायूंत ताकद येत नाही.

५. आखडलेला भाग मोकळा करा

हे रोज संध्याकाळी करायचं.

पहिल्यांदा शेक. पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. सोसवेल इतकीच गरम, आणि ती अंगावर ठेवून झोपू नका, भाजतं. नेहमीच्या आखडलेपणाला बर्फापेक्षा गरम शेक बरा वाटतो. ताजी लचक भरून सूज आली असेल तर पहिले एक-दोन दिवस थंड शेक द्या. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने त्वचेची जाणीव कमी असेल तर शेकण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मग चेंडू. भिंतीकडे पाठ करून खांद्याचं पातं आणि मणका यांच्या मधल्या मांसल भागावर चेंडू दाबून धरा, गुडघे वाकवत हळू वरखाली व्हा. दुखरी जागा सापडली की तिथे अर्धा मिनिट थांबून संथ श्वास घ्या. चेंडू मणक्याच्या हाडावर किंवा मानेच्या पुढच्या बाजूला कधीही लावायचा नाही.

नंतर तीन ताण, प्रत्येकी २० ते ३० सेकंद, दोन-दोन वेळा:

- *मानेची मागची कड.* उजव्या हाताने खुर्चीची बैठक धरा. नाक डाव्या काखेकडे न्या. डावा हात डोक्यावर नुसता ठेवा, ओढू नका. मग बाजू बदला.
- *छाती.* दाराच्या चौकटीत उभे राहा, दोन्ही हात कोपरात वाकवून चौकटीला टेकवा, एक पाऊल पुढे टाका. छातीच्या पुढच्या बाजूला ओढ जाणवेल. खांद्याच्या सांध्यात टोचलं तर कोपर थोडं खाली घ्या.
- *जांघ.* एक गुडघा जमिनीवर टेकवून, दुसरं पाऊल पुढे. टेकवलेल्या बाजूचं नितंब आवळा आणि कंबर न वाकवता थोडे पुढे सरका. बसून राहिल्याने मांडीचा सांधा दिवसभर वाकलेला असतो, त्याचा हा उतारा.

मान कडाकडा मोडायची सवय असेल तर ती सोडा. आवाज आल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि मग दर तासाला मोडावीशी वाटते. मानेला जोराने झटका देणं तर अजिबात नको. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथूनच वर जातात.

सकाळसाठी एक सूचना. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्या उठल्या खोल पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. पायाच्या अंगठ्यांना हात लावायचे व्यायाम उठल्यानंतर तासाभराने करा.

६. ताकद कमवा, खरं काम इथे होतं

पाचव्या पायरीवर थांबणारे खूप जण आहेत. मीही तिथेच अडकले होते. ताण दिल्याने बरं वाटतं, पण कमजोर स्नायू दुसऱ्या दिवशी तितकाच थकतो.

डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांचे गट पाडले. एका गटाने रोज दोन मिनिटं, दुसऱ्याने बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस रबरी पट्ट्याने खांद्याचा एकच व्यायाम केला. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, स्पष्टपणे कमी झालं होतं. दोन मिनिटं! वेळ नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

तो व्यायाम असा: पट्ट्याच्या मध्यावर उभे राहा, दोन्ही टोकं हातात घ्या, कोपरं किंचित वाकलेली. दोन्ही हात बाजूला, पण सरळ बाजूला नव्हे तर थोडे पुढच्या अंगाने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला आणि सावकाश खाली आणा. खांदे कानांकडे चढू देऊ नका. दोन मिनिटांत जितके नीट होतील तितके. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सहज जायला लागले की पट्टा आखूड धरा.

याला मी आणखी तीन जोडते, एक दिवसाआड:

- *हनुवटी मागे.* नजर समोर ठेवून डोकं सरळ मागे सरकवा, मान वर किंवा खाली न करता. पाच सेकंद धरा, दहा वेळा.
- *पट्टा ओढणे.* पट्टा दाराच्या मुठीला अडकवून कोपरं मागे ओढा, खांद्याची पाती एकमेकांकडे आणा. बारा वेळा, दोन फेऱ्या. दार आपल्या बाजूला उघडणारं असेल तर आधी कडी घाला, नाहीतर ते अंगावर येतं.
- *पूल.* पाठीवर झोपून गुडघे वाकवा, नितंब आवळून कंबर उचला, तीन सेकंद धरा. बारा वेळा, दोन फेऱ्या.

पहिल्या आठवड्यात व्यायामानंतर २४ ते ७२ तास स्नायू ठणकतात. ते नव्या कामाचं दुखणं, पसरट आणि बोथट असतं आणि आपोआप उतरतं. सुरीसारखी कळ, सांध्यात टोचणी किंवा हातात उतरणारा झटका आला तर तो व्यायाम थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आणि चाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांची हालचाल करायला सांगते. थोडा-थोडा वेळही मोजला जातो, त्यामुळे दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील.

७. काम संपल्यानंतरचे तास

दिवसभर टेबलाशी सांभाळलेली मान संध्याकाळी फोनवर जाते. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. २०१४ साली केनेथ हंसराज यांनी गणिती प्रतिमानावरून मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मान ६० अंश खाली झुकली की मानेवर येणारा भार सुमारे २७ किलो होतो. हा हिशेब आहे, जिवंत मानेवर घेतलेलं माप नाही, त्यामुळे घाबरू नका. फोन छातीच्या उंचीवर आणा, कोपराखाली उशी घ्या आणि मान खाली घालायच्या आधी डोळे खाली करा.

पालथं झोपत असाल तर मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. कुशीवर झोपताना उशीची उंची खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल इतकी, आणि गुडघ्यांमध्ये एक उशी. पाठीवर झोपताना पातळ उशी, गुडघ्यांखाली एक.

८. किती दिवस लागतील आणि पुन्हा दुखलं तर

टेबल जुळवल्याचा फरक काही दिवसांत कळतो. ताकदीचा फरक दिसायला सहा ते दहा आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीच घडत नाही असं वाटतं आणि बरेच जण तिथेच सोडतात. तेव्हा वही उघडा. पूर्वी दुपारी तीनला सुरू होणारं दुखणं आता पाचला सुरू होत असेल तर तुम्ही बरोबर चालला आहात. सहा आठवडे नेटाने करूनही काहीच हललं नाही, किंवा दुखणं वाढतच गेलं, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. वही बरोबर न्या आणि कामाच्या जागेवर बसलेले असताना दुसऱ्याकडून बाजूने काढून घेतलेला तुमचा एक फोटोही न्या. तपासणाऱ्याला त्यातून खूप कळतं.

मधेच एखाद्या धावपळीच्या आठवड्यात मान पुन्हा धरेल. माझी अजूनही वर्षातून दोन-तीनदा धरते. तेव्हा मी पलंग धरत नाही. दोन दिवस शेक, हलका पट्टा, व्यायामाच्या फेऱ्या निम्म्या, चालणं तेवढंच, आणि गजर ३० ऐवजी २० मिनिटांवर. चौथ्या दिवशी पुन्हा नेहमीचा पट्टा.